फरार आडनावाचं इंग्रज कुटुंब नाशिकला होतं का?

गंगापूररोडची वीणा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा चमत्कारिक आहे, हसू नका.

माझी मुलगी दीड वर्षापासून लीड्सला असते. तिच्या घरमालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, आणि माझ्या लेकीला जीव लावणाऱ्या. त्यांचं आडनाव फरार. त्या स्वतः 'फॅरर' असं काहीसं म्हणतात, पण लेकीने पहिल्या दिवशी फोनवर 'फरार' सांगितलं आणि आमच्या घरात तेच रूढ झालं. 'फरार आजींची तब्येत कशी आहे?' असं आम्ही आता अगदी सहज विचारतो.

दिवाळीत त्यांच्यासाठी वेगळं पार्सल केलं. कुरिअरच्या काउंटरवरचा मुलगा लिहून घेत होता. आत काय आहे? फराळ. घेणाऱ्याचं नाव? फरार. 'काकू, ते लिहिलं मी. नाव सांगा.' 'अरे तेच सांगतेय, फरार.' मागे रांगेत उभे असलेले गृहस्थ मोठ्याने म्हणाले, 'मग पत्ता कशाला देताय, सापडणार थोडेच!'

सापडल्या. खोकं पोचलं, चकल्यांचा बराचसा चुरा झाला होता, पण आजी अडकल्या त्या पाठवणाऱ्याच्या पत्त्यात. नाशिक वाचून म्हणाल्या, आमच्यातला एक पाद्री 'नॅसिक'ला होता. वरच्या खोलीतून गुंडाळी करून ठेवलेला वंशवृक्ष काढला. त्यात सगळी यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सच्या आसपासची माणसं, बहुतेक लोकर विणणारी, आणि एका कोपऱ्यात फरार पाद्री, नॅसिक, एवढंच.

आता आजींनी लेकीला विचारलं, लेकीने मला विचारलं. माझं माहेर पंचवटी, सासर गंगापूर रोड, आणि मला काडीचंही सांगता येईना. मला नाशिकचा इंग्रज म्हणजे एकच माहीत, कलेक्टर जॅक्सन, तोही विजयानंद थिएटर आणि अनंत कान्हेऱ्यांमुळे. तेव्हा या आडनावाचा अर्थ काय, ते कुठून कुठे गेलं, आणि नाशिकला खरंच कोणी फरार राहत होते का? ठाऊक असेल त्यांनी लिहावं.


टवाळ नाशिककर

नाशिकला फरार पुष्कळ आहेत ताई. पोलीस त्यांनाच शोधतायत.

(राहवलं नाही. जाणकारांच्या प्रतीक्षेत.)


ऐरण

वीणाताई, तुमचा प्रश्न वाचला आणि समोरचा चहा तसाच निवला. कारण हे आडनाव माझंच आहे.

इथे मी ऐरण नावाने लिहितो, कागदोपत्री लोहार. आजोबांची भट्टी पंचवटीत होती. वडिलांनी ती अर्धीमुर्धी चालवली. मी सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये छत्तीस वर्षं काढली, म्हणजे भाता सुटला पण लोखंड सुटलं नाही. निवृत्तीनंतर दुपारी सार्वजनिक वाचनालयात बसायला लागलो आणि आडनावांचा नाद लागला. सुरुवात घरापासून केली. म्हटलं बघू तरी, जगात लोहार कुठे कुठे आहेत. त्यात हे फरार भेटले.

लॅटिनमध्ये लोखंड म्हणजे फेरुम. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये लोखंडकाम करणारा तो फेरर किंवा फेरूर. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून बसला आणि दरबाराची, कचेरीची भाषा फ्रेंच झाली. आपल्याकडे फारसी आली आणि फडणवीस, चिटणीस, पोतनीस तयार झाले, तसंच तिथे. अस्सल इंग्रजी लोहार तो स्मिथ. आणि बाहेरून आलेल्या भाषेतला तो फेरूर. या फेरूरला दोन कामं होती: लोखंड घडवणं आणि घोड्याला नाल ठोकणं. आजसुद्धा इंग्रजीत नाल ठोकणाऱ्याला फॅरिअर म्हणतात. तेव्हा तुमच्या आजींचं आडनाव मराठीत आणायचं तर अर्धं लोहार आणि अर्धं नालबंद. नालबंद हेही आपल्याकडचं आडनाव आहेच.

मग फेररचं फरार कसं झालं? इंग्रजीत एका काळात 'र'च्या आधीचा 'ए' घसरून 'आ' झाला. स्पेलिंगमध्ये ई असूनही इंग्रज माणूस क्लार्क म्हणतो, डर्बी लिहून डार्बी म्हणतो, तीच ही घसरगुंडी. त्यात नोंद करणारा कारकून जसं ऐकेल तसं लिहिणार. म्हणून कुठे फरार, कुठे फॅरर, कुठे फेरर, काही ठिकाणी तर फॅरोसुद्धा. एकाच माणसाचं नाव दोन कागदांवर दोन प्रकारे दिसलं तर आजींनी घाबरून जाऊ नये. माझ्या शाळेच्या दाखल्यावर लोहार आहे आणि पहिल्या रेशनकार्डावर लव्हार.

या शब्दाचा गोतावळा मोठा आहे. इटलीत फेरारी. होय, तीच लाल गाडी. एवढ्या महागड्या गाडीवर लोहार लिहिलेलं असतं हे कळल्यापासून मला तिच्याबद्दल आपुलकी वाटते. स्पेनमध्ये एरेरा, पोर्तुगालमध्ये फेरेरा, आणि तिथून गोव्याला आणि वसईला. शेवटची दोन मुळात लोखंडाच्या खाणी किंवा भट्ट्या असलेल्या जागांवरून पडली, पण लोखंड तेच. एक सावधगिरी मात्र ठेवा. इंग्लंडात फेरर्स नावाचं जुनं उमराव घराणं आहे, ते यातलं नव्हे. ते नॉर्मंडीतल्या गावावरून आलेलं, आपल्या 'कर'वाल्या आडनावांसारखं. पण गंमत पाहा, त्या गावाचं नावही लोखंडावरूनच, आणि त्यांची खूण घोड्याचा नाल. ओकहॅमला जुन्या वाड्याच्या दालनात भिंतभर नाल टांगलेले आहेत. तिथून जाणाऱ्या प्रत्येक उमरावाने एक नाल द्यायचा, हा रिवाज.

आता विणकर आणि लोहार हा घोळ. सुरुवातीला ही आडनावं नव्हतीच, ओळख होती. बाप फेरूर, मुलगा खाटीक झाला की तो खाटीक. तेराव्या ते पंधराव्या शतकात हळूहळू ती पक्की झाली, उत्तरेकडे जरा उशिरानेच. यॉर्कशायरच्या पश्चिम भागातल्या १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्या शिल्लक आहेत, त्यांत माणसाचा धंदा आणि नाव एकमेकांत मिसळलेलं असतं. धंदाच नाव आहे की नाव वेगळं आणि धंदा वेगळा, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. पुढे १५३८ मध्ये टॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत लिहायचं. मग आडनाव घट्ट झालं आणि धंदा सुटा झाला. हॅलिफॅक्सला लोकरीच्या कापडाचा धंदा जोरात होता, तिथला फरार विणकर झाला यात नवल काय. माझा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर बसतो. लोखंडाशी त्याचा संबंध म्हणाल तर खिडकीचे गज.

हॅलिफॅक्सचं आणि या आडनावाचं मात्र जुनं नातं. त्याच बाजूचा मानला जाणारा रॉबर्ट फेरर वेल्समध्ये बिशप झाला आणि राणी मेरीच्या काळात १५५५ मध्ये कारमार्थनच्या बाजारात त्याला जिवंत जाळलं. मग समुद्र ओलांडणं सुरू. १६१८ मध्ये विल्यम फरार नावाचा माणूस व्हर्जिनियात उतरला. जेम्स नदीच्या एका वळणात त्याच्या घराण्याची जमीन होती, तिला आजही फरार आयलंड म्हणतात. उत्तरेला मॅसॅच्युसेट्समध्येही त्याच शतकात फरार पोचले.

आणि आता नाशिक. आजी खोटं बोलत नाहीत. चार्ल्स पिनहॉर्न फरार हे चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री होते आणि या सोसायटीचं नाशिकचं काम १८३२ मध्ये सुरू झालं ते त्यांच्या हातून. पेशवाई बुडून चौदा वर्षं झाली होती आणि आगगाडी यायला तीसेक वर्षं होती. रामकुंडावर पहाटेपासून पिंडदानाची गर्दी, आणि हा गोरा माणूस बायबल घेऊन तिथे राहायला आला. त्यांचं स्वागत कसं झालं असेल याची कल्पना पंचवटीत वाढलेल्या माणसाला करून द्यायला नको.

त्यांचा मुलगा फ्रेडरिक १८३१ मध्ये मुंबईच्या कोटात जन्मला. तो विलायतेत मोठा माणूस झाला. आधी शाळामास्तर, मग कादंबरीकार, शेवटी कँटरबरीचा डीन, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचा प्रमुख. १८६० मध्ये त्याने भाषेच्या उगमावर पुस्तक लिहिलं आणि त्या कामामुळे खुद्द डार्विनने रॉयल सोसायटीसाठी त्याचं नाव सुचवलं. पाद्री आणि डार्विन, जमायचं म्हणजे कमालच. १८८२ मध्ये डार्विन गेला तेव्हा शवपेटी वाहणाऱ्यांत हा होता. याची मुलगी मॉड, आणि मॉडचा मुलगा म्हणजे दुसऱ्या महायुद्धात एल अलामेनला जर्मन सेनापती रोमेलला हरवणारा माँटगोमेरी. तेव्हा फील्ड मार्शल माँटगोमेरी हा आपल्या नाशिकच्या पाद्र्याचा पणतू. हे मी आमच्या कट्ट्यावर सांगितलं तर एक जण म्हणाला, 'मग त्याला कुंभमेळ्याच्या बंदोबस्ताला बोलवायला हवं होतं.'

शेवटचं, शोधायचं कसं. आपल्याकडे रामकुंडावर तीर्थोपाध्यायाला गाव आणि आडनाव सांगितलं की तो बरोबर वही काढतो आणि खापरपणजोबांची सही दाखवतो. विलायतेत तसं एका ठिकाणी मिळत नाही. हॅलिफॅक्सच्या चर्चच्या वह्या मागून पुढे नव्हे, पुढून मागे वाचत जायच्या: आजींचा बाप, त्याचा बाप, असं. मुंबई इलाख्यातल्या युरोपीयांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि या मिशनची कागदपत्रं बर्मिंगहॅम विद्यापीठात. लीड्सहून बर्मिंगहॅम काही लांब नाही. लेकीला एक सुट्टी घालवायला सांगा.


सुमेधा

काय सुंदर माहिती! म्हणजे सावित्रीबाई फुले नगरला ज्यांच्याकडे शिकल्या त्या मिस फरार याच पाद्र्यांच्या बहीण वगैरे होत्या का? काळ पण जुळतोय.


नगरी माणूस

सुमेधाताई, नाही. ही चूक मी दोन भाषणांत ऐकली आहे, म्हणून लगेच लिहितोय.

नगरच्या मिस फरार म्हणजे सिंथिया फरार. त्या इंग्रज नव्हत्या, अमेरिकन होत्या. न्यू हॅम्पशायरमधल्या मार्लबरो गावच्या, जन्म १७९५. अमेरिकन मिशनतर्फे १८२७ च्या शेवटी मुंबईत आल्या. लग्न न केलेली बाई एकटी परदेशी मिशनवर पाठवणं हे त्या काळी अमेरिकेतही नवंच होतं. मुंबईत मुलींच्या शाळा बघितल्या, १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच गेल्या. जोतीरावांनी त्यांची मुलींची शाळा पाहिली होती आणि सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षण त्यांच्याकडे झालं.

नाशिकचे फरार लंडनच्या सोसायटीचे, नगरच्या फरार बॉस्टनच्या मिशनच्या. एकच आडनाव अटलांटिकच्या दोन बाजूंनी निघालं आणि थोड्याच वर्षांच्या अंतराने मुंबईच्या धक्क्यावर उतरलं, इतकंच. कुलकर्णी आडनावाचे दोघे एका बसमध्ये चढले म्हणून ते भाऊ होत नाहीत. आणि धंद्यावरून पडलेल्या आडनावात तर धोका जास्त. जिथे भट्टी तिथे फरार. ऐरणकाका, तुमच्याकडेही सगळे लोहार एका कुळाचे थोडेच?


ऐरण

मुळीच नाहीत. आमच्या भावकीत लग्नं ठरवताना हाच पहिला प्रश्न. आभार, नगरच्या मिस फरार माझ्या लिहिण्यातून निसटल्या होत्या.


शरणपूरवाली

मी एरवी इथे फक्त वाचते. पण नाशिक आणि फरार म्हटल्यावर तिसरा फरार कोणीच सांगितला नाही, म्हणून लिहिते. आमची ही चौथी पिढी शरणपूरला.

शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक जातात. कॅनडा कॉर्नरला सिग्नलवर शिव्या देत थांबतात. शरणपूर हे नाव का, हे विचारलं तर दहातले नऊ जण सांगू शकत नाहीत. शरण आलेल्यांचं पूर. १८५४ मध्ये विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्याने ही वस्ती वसवली. त्या काळी अरबी समुद्रात इंग्रजांची लढाऊ जहाजं गुलामांनी भरलेली गलबतं पकडायची आणि सुटलेल्या माणसांना मुंबईला उतरवायची. त्यांत लहान मुलं पुष्कळ. पूर्व आफ्रिकेतून पळवून आणलेली, घर कुठे ते सांगता न येणारी. त्यांतली बरीच मुलं नाशिकला शरणपूरच्या आश्रमात आली. इथे वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. बाप्तिस्मा झाला की नवीन नाव मिळायचं.

१८६५ मध्ये आफ्रिका धुंडाळणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन नाशिकला आला आणि आफ्रिकेच्या शेवटच्या सफरीसाठी त्याने इथली नऊ मुलं निवडली. पुढे १८७२ मध्ये त्याच्या मदतीला जी तुकडी गेली तिच्यात आणखी सहा नाशिकची होती: जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, रिचर्ड रटन, बेंजामिन रटन आणि कॅरस फरार.

हा कॅरस फरार. नाशिकच्या मिशनमध्ये फरार हे नाव चाळीस वर्षांपासून घरचं झालं होतं, ते या आफ्रिकन मुलाच्या पदरात पडलं.

१ मे १८७३ ला लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावात वारला. बरोबरच्या माणसांनी ठरवलं की त्याला इथे पुरायचं नाही, त्याच्या माणसांत पोचवायचं. काळीज झाडाखाली पुरलं. जेकबने प्रार्थना म्हटली आणि झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. सुतारकाम शिकलेल्या गावातला मुलगा, त्यामुळे मला ते अगदी डोळ्यापुढे दिसतं. शव उघडायचं काम फरिजाला नावाच्या माणसाने केलं, तो पूर्वी झांझिबारला एका डॉक्टरकडे नोकर होता. त्याच्या मदतीला उभा राहिला तो कॅरस. मीठ भरून, दोन आठवडे उन्हात वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळून ते शव त्यांनी दीड हजार किलोमीटरच्या वर चालत किनाऱ्यावर बागामोयोला नेलं. फेब्रुवारी १८७४ उजाडला.

तिथून विलायतेला एकटा जेकब गेला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत तो होता. ऐरणकाकांनी डार्विनची गोष्ट सांगितली म्हणून म्हणते, तीच ॲबे. आठ वर्षांच्या अंतराने तिथे एका शवपेटीबरोबर नाशिकच्या शरणपूरचा मुलगा आणि दुसरीबरोबर नाशिकच्या पाद्र्याचा मुलगा.

यानंतर शरणपूरचे बरेच लोक आफ्रिकेला परतले. मोंबासाजवळ १८७५ मध्ये फ्रियर टाउन वसलं, मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या बार्टल फ्रियरच्या नावाचं. ते वसवायलाही आमचे प्राइससाहेबच गेले. तिथे या लोकांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगला. म्हणजे यॉर्कशायरची, लंडनची आडनावं नाशिकमार्गे केनियात गेली. वाटेत त्या मुलांची आपली नावं कुठेतरी गळून पडली. जेकब याओ जमातीचा होता एवढं माहीत आहे. आई त्याला काय हाक मारायची ते कोणत्या वहीत नाही.

माझी आजी म्हणायची, आपल्यातली नावं धुतलेल्या पाटीवरची आहेत. तिचं माहेरचं नाव मी इथे लिहीत नाही, पण तेही एका साहेबाचंच होतं.


टवाळ नाशिककर

मगाशी केलेला विनोद मागे घेतो. खरंच.

(फ्रियरचा अर्थ कोणी सांगेल का?)


ऐरण

फ्रियर म्हणजे फ्रेंचमध्ये भाऊ. म्हणजे फ्रियर टाउन झालं भाऊनगर. जा आता.

शरणपूरवाली ताई, तुमचं लिहिणं काल रात्री तीनदा वाचलं. बायको विचारत होती, कोणाचं पत्र आलंय.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल किंवा नसेलही. वेनराइट हे आडनाव फोडून बघा. वेन म्हणजे गाडी. आपलं 'वाहन' आणि हे 'वेन' एकाच मुळातले. राइट म्हणजे कारागीर. वेनराइट म्हणजे गाड्या बनवणारा सुतार. आणि फरार म्हणजे लोहार. म्हणजे लिव्हिंग्स्टनचं शव आणणाऱ्यांत नाशिकचा सुतार आणि नाशिकचा लोहार बरोबर होते, दोघांनाही आपल्या नावाचा हा अर्थ माहीत असो वा नसो.

हे माझ्या मनात का बसलं ते सांगतो. आजोबांकडे बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायची असली की काम उजाडायच्या आत सुरू व्हायचं. धाव म्हणजे चाकाभोवतीचं लोखंडी कडं, हे आता सांगावं लागतं. कडं जमिनीवर आडवं टाकून त्याच्यावर गोवऱ्यांचा जाळ रचायचा. शेजारी सुतार आपलं लाकडी चाक घेऊन बसलेला. कडं लाल झालं की तिघांनी तीन सांडशींनी उचलून चाकावर टाकायचं. लाकूड पेट घ्यायचं, भपकन धूर, आणि आम्ही पोरं बादल्या घेऊन तयार. घणाने दोन-चार ठोके घालून कडं बसवलं की आजोबा ओरडायचे, 'पाणी!' पाणी पडलं की लोखंड आवळायचं आणि चाकाचे सगळे आरे करकर करकर वाजायचे. तेवढा वेळ सुतार आणि आजोबा एकमेकांकडे बघायचेसुद्धा नाहीत, दोघे कान देऊन असायचे. धाव मोठी झाली तर लोहाराची अब्रू गेली, आरा तडकला तर सुताराची. करकर थांबली आणि चाक शाबूत असलं की मग दोघे एका चिलमीवर.

धाव खिळ्यांनी धरत नाही, ती आवळून धरते. मला हे लिहिताना उगाच ती शवाभोवतीची झाडाची साल आठवतेय. असो.

एक मात्र नोंदवतो. अमेरिकेत गुलामाला मालकाचं आडनाव लागायचं. शरणपूरला सुटलेल्या मुलाला पाद्र्याच्या गोतातलं नाव लागलं. दोन्ही ठिकाणी कागदावर एकच आडनाव दिसतं, पण त्यामागचं नातं वेगळं. वीणाताईंच्या आजींनी इंटरनेटवर फरार शोधायला घेतलं तर त्यांना व्हर्जिनियातले गोरे फरार दिसतील, काळे फरार दिसतील. सगळ्यांना वंशवृक्षात ओढू नये आणि सगळ्यांना झटकूही नये. कागद बघावा.


गंगापूररोडची वीणा

दोन दिवस लेक आणि मी या धाग्यावरच राहिलो. तिने रविवारी आजींना सगळं वाचून दाखवलं, वाक्यावाक्याला इंग्रजीत सांगत. अडीच तास लागले म्हणे, मध्ये दोनदा चहा झाला.

आधी ज्याची तुम्हाला उत्सुकता असेल ते. वंशवृक्ष नीट उजेडात धरून पाहिला. बाकी सगळी नावं शाईने, एकमेकांना रेघांनी जोडलेली. पाद्र्याचं नाव पेन्सिलने, आणि त्याला कुठूनच रेघ आलेली नाही. अक्षर आजींच्या काकांचं. काकांना कुठेतरी पुस्तकात फरार आणि नॅसिक दिसलं असणार आणि आपलाच म्हणून त्यांनी कोपऱ्यात बसवून टाकलं. आजी थोड्या हिरमुसल्या. मग म्हणाल्या, माँटगोमेरी हातचा गेला, पण लोहार तरी राहिला.

कॅरस फरारबद्दल त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर लेकीला म्हणाल्या, पेन्सिल दे. पाद्र्याच्या नावाखाली त्यांनी कॅरसचं नाव लिहिलं, तेही रेघ न ओढता, आणि पुढे 'नाशिक'. या वेळी लेकीकडून विचारून, आपण म्हणतो तसं.

शरणपूरवाली ताई, तुम्हाला त्यांनी नमस्कार सांगितलाय. मला शरणपूर चर्चकडे एकदा तुमच्याबरोबर यायला आवडेल, जमेल तेव्हा सांगा.

आणि ऐरणकाका, आजींना ऐरण पाहायची आहे. आजोबांची अजून आहे का? फोटो चालेल.


ऐरण

आहे ना. भट्टीच्या जागेवर आता झेरॉक्सचं दुकान आहे. ऐरण दीड मणाची, कोणाला हलवता आली नाही म्हणून पायरीशीच राहिली. गिऱ्हाईकं तिच्यावर बसून आधारकार्डाच्या कॉपीची वाट बघतात. रविवारी सकाळी या, दुकान बंद असतं. मी तासभर आधी जाऊन तिच्यावरचे पानाचे डाग घासून ठेवतो.